हप्ता, मुदत आणि आईचा उजवा हात

ज्येष्ठ वाचकहो, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनो, रक्तदाब का वाढला हे शोधताना आम्ही डॉक्टर मीठ, वजन, झोप, तंबाखू यांची चौकशी करतो. घराच्या हप्त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. अलीकडे मी तो प्रश्न आवर्जून विचारतो, कारण त्या हप्त्याने आमच्याच घरातील शुश्रूषेचा किती वेळ खाल्ला, ते मी पाहिले आहे.

प्रथम थोडे गणित. 2021 मध्ये गृहकर्ज सुमारे 7 टक्के व्याजाने मिळत होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि बदलत्या दराची कर्जे महागली. हप्ता तोच राहिल्याने अनेकांच्या हे लक्षातही आले नाही. समजा, 28 लाखांचे कर्ज शिल्लक आहे आणि हप्ता 23,000 रुपयांचा आहे. दर 7 टक्के असताना महिन्याचे व्याज सुमारे 16,300 रुपये होते व कर्ज पावणेअठरा वर्षांत फिटते. दर 9.5 टक्के झाला की व्याजच सुमारे 22,200 रुपये होते, मुद्दलातून जेमतेम 800 रुपये उतरतात आणि तेच कर्ज फिटायला पस्तीस वर्षे लागतात. औषधाची मात्रा तीच, पण आजार दुप्पट लांबलेला!

आमच्या कर्जाची मुदत अशीच वाढत गेली. पुढे माझ्या वयाची मर्यादा आडवी आली आणि हप्ताही वाढला. 2024 च्या आरंभी आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. दिवसाची मदतनीस, फिजिओथेरपी, औषधे असा खर्च सुरू झाला. मी बँकेकडे दोनच गोष्टी मागितल्या. नव्या ग्राहकांना मिळणारा कमी दर मलाही लावावा, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या, सहकर्जदार पत्नीचे वय धरून मुदत थोडी वाढवून हप्ता कमी करावा.

पहिल्या खेपेस तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागण्यात आली. दुसऱ्या खेपेस संबंधित अधिकाऱ्यांची बदली झालेली होती. कागद पुन्हा द्यावे लागले. तिसऱ्या खेपेस कळले, की असा पर्याय संगणकात दिसत नाही. चौथ्या खेपेस एका सद्गृहस्थांनी शांतपणे सांगितले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमचे हप्ते वेळेवर येताहेत. म्हणजे अडचण नाही. थकले की बघू.’’

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, त्याची नोंद पतअहवालात होते आणि पुढे कोणतेही कर्ज मिळणे कठीण होते. म्हणजे जो अजून उभा आहे त्याला आधार नाही, कोसळल्यावर मात्र विचारपूस. हृदयविकाराचा झटका येईपर्यंत रक्तदाबाची गोळी न देण्याचाच हा प्रकार.

या चकरांची किंमत पैशांत मोजता आली नाही. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने फार मोलाचे असतात. गेलेली ताकद परत येण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. आईचा सकाळचा व्यायाम मी आणि पत्नी मिळून करून घेत असू. ज्या सकाळी आम्हां दोघांना सह्यांसाठी शाखेत बसावे लागे, त्या सकाळी तो होत नसे. बँकेतला अर्ज महिनाभर पडून राहू शकतो. आखडू लागलेला हात तेवढा थांबत नाही. आज आई चमचा धरते, पण वेणी घालता येत नाही. चुकलेल्या सकाळींचा त्यात किती वाटा, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही.

अखेर काम झाले, ते तोंडी विनंतीने नव्हे. एका पानाचा लेखी अर्ज दिला, पोचपावती घेतली आणि अर्जात रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. त्यानुसार बदलत्या दराच्या कर्जाचा व्याजदर पुन्हा ठरतो तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यायची असते. व्याजात व मुद्दलात आतापर्यंत किती रक्कम गेली आणि किती हप्ते उरले, याचे विवरण दर तिमाहीस द्यायचे असते. थोडे शुल्क भरून आमचा दर कमी झाला, मुदतही थोडी वाढली.

म्हणून आपल्याला सांगतो. घरात मोठे आजारपण आले की पहिल्याच महिन्यात, एकही हप्ता न थकवता, लेखी अर्ज करा. सोबत रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड जोडा. शाखेत जाणारा माणूस आणि रुग्णाजवळ थांबणारा माणूस वेगळा ठेवा. सर्व कर्जदारांच्या सह्या कोणत्या दिवशी लागतील, ते आधी विचारून घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पैसे हाती आले तर बदलत्या दराच्या गृहकर्जात मुद्दलाचा काही भाग आधी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि एक गोष्ट मात्र कधीही करू नका. हप्ता भरता यावा म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेणारे आजी-आजोबा माझ्याकडे येतात आणि मुलांना कळू नये अशी विनवणी करतात. परवडत नसेल तर आपल्या डॉक्टरांना संकोच न करता सांगा. जनऔषधी केंद्रात बहुतेक नेहमीची औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. हप्त्याची मुदत वाढवून मागता येते. अर्धवट औषधाने झालेली हानी भरून निघेलच, असे नाही.