सोमवारची शिवराक थाळी

मालवणात शाकाहाऱ्याने बाहेर जेवायचं तर सोमवारी. मासे खाणाऱ्या पुष्कळ घरांतही त्या दिवशी शिवराक असतं, त्यामुळे खानावळवाल्यांना भाजीकडे जरा लक्ष द्यावं लागतं. एरवी फळ्यावर सुरमई, बांगडा, कोळंबी लिहून झाली की तळाच्या उरलेल्या जागेत ‘शाकाहारी थाळी’ येते, आणि तीत पनीर! समुद्रकाठी येऊन पनीर कशाला खायचं?

आज काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. भाजलेल्या खोबऱ्याचं दाट वाटण, कडेला तेलाचा तवंग. वाटाणा अख्खा, पण जिभेने दाबला की फुटणारा. सोबत रवा लावून तळलेले सुरणाचे काप. ते बघून मनात नेहमीची शंका आली. “तवा वेगळा ना?” मी विचारलंच. “येगळो आसा हो, बिनघोर जेवा,” मालकीणबाई आतूनच म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या, कट्टर मासेखाऊ वाटणाऱ्या काकांनी माझ्याआधी दुसऱ्यांदा काप मागवले.

सोलकढी फार आंबट नव्हती, भात उकड्या तांदळाचा. ओल्या काजूची उसळ मात्र संपली होती. ती हवी असेल तर बाराच्या आत पोचायला हवं.