बोटीवर

आमच्या शाळेच्या नोंदवहीत ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यात ‘बोटीवर’ हा एक शब्द आम्ही आजवर स्वतःच्या हस्ताक्षरात किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. शाळा मांडवीच्या उत्तर तीरावरची. मालिमची जेटी इतकी जवळ की वारा फिरला म्हणजे आठवीच्या वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तेव्हा ‘बोटीवर’ हा शब्द आम्हांस अगदी परिचयाचा. परंतु परिचय वेगळा आणि ज्ञान वेगळे, हे विद्यार्थ्यांना सांगत आलेल्या आम्हांलाच ते पन्नाशी उलटल्यावर कळावे, असा योग होता.

मासळीशी आमचे नाते तसे जन्माचे. गोव्यातल्या घरात सकाळी पहिला प्रश्न ‘आज नुस्ते कसले?’ हाच. म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून पाहण्यात आणि भाव पाडून घेण्यात आम्ही स्वतःला जाणते समजत आलो. मात्र ती मासळी बाजारात येण्यापूर्वी कोठे असते, तिला तेथून कोण आणतो, हा विचार कधी मनास शिवला नव्हता. जेवणाऱ्याला स्वयंपाकघराची वाट ठाऊक नसावी, तसे हे झाले.

आमचे चौघांचे एक मंडळ आहे. आम्ही, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले अण्णा, दंतवैद्य डॉक्टर आणि किराणा दुकानवाले भाई. रोज संध्याकाळी नदीकाठाने फिरायचे आणि जगातील सर्व प्रश्न सोडवून घरी परतायचे, एवढाच या मंडळाचा कार्यक्रम. डॉक्टरांच्या खुर्चीवर एकदा एका ट्रॉलरचे मालक येऊन बसले. दाढदुखीतून सुटका झालेला मनुष्य उदार असतो. ‘एकदा चला की आमच्या बोटीवर,’ असे ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी ते शब्द भुईवर पडू दिले नाहीत. दिवाळीच्या सुटीत चार दिवसांची फेरी ठरली. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे मासेमारीच्याच बोटीतून आले होते. तेव्हापासून समुद्रावर जाणाऱ्याची ओळख कसून तपासतात. मालकांनी परवानगी, ओळखपत्रे, नावांची नोंद, जीवरक्षक जाकिटे असे सारे सोपस्कार पुरे केले आणि एका पहाटे चार वाजता आम्ही चौघे, घरच्यांनी दिलेल्या फराळाच्या डब्यांसह, फळीवरून तोल सावरीत बोटीवर चढलो.

बोटीवर सातजण होते. तांडेल कारवारकडचा, खलाश्यांपैकी तिघे ओडिशाचे, दोघे झारखंडचे. आणि स्वयंपाक करून उरलेल्या वेळी जाळ्यावर राबणारा एक चाळिशीचा गृहस्थ अंकोल्याचा. आपापसांत बोलायला हिंदी, तांडेलाशी कोकणी, आणि घरची आठवण आली की ज्याची त्याची भाषा. खालच्या कप्प्यात बर्फ भरलेला होता. मालिम मागे पडले. आग्वादपाशी नदीच्या मुखातला वाळूचा पट्टा तांडेलाने इंजिन मंद करून, जणू झोपलेल्या माणसाला ओलांडावे तसा, ओलांडला. दीपस्तंभाचा झोत पाठीवर येऊन गेला, आणि बोट खऱ्या समुद्रावर आली.

खरा समुद्र म्हणजे काय, हे सर्वप्रथम डॉक्टरांना कळले. ते कठड्याला टेकले ते दुपारपर्यंत तेथून हलले नाहीत. अण्णांनी त्यांना लिंबू दिले आणि स्वतःच त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आम्ही ‘मतलई वारे’ हा धडा बदली तासांना अनेकदा शिकविला आहे: रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो वारा त्या पहाटे आमच्या पाठीवर होता. धडा बरोबर होता. परंतु त्या वाऱ्यात ओल्या मातीचा वास असतो आणि तो वास नाहीसा होतो तेव्हा पोटात कालवते, हे पुस्तकात नव्हते.

किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंत ट्रॉलरने जाळे टाकायचे नाही, असा नियम आहे. त्या नियमामागे मोठा इतिहास आहे. यांत्रिक बोटी आल्या तेव्हा रापण ओढून जगणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या तोंडचा घास गेला. सत्तरच्या दशकात त्यांनी लढा उभारला आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. त्या रापणकारांचे एक पुढारी माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक होते. तांडेलाने पाण्याकडे बोट दाखवून ‘येथवर त्यांचे, येथून पुढे आमचे,’ असे सांगितले तेव्हा आम्हांला त्या शिक्षकाची आठवण झाली. ते मच्छीमारांकडे चालत गेले होते. आमचा मात्र जेटीशी संबंध खिडक्या लावून घेण्यापुरता.

जाळे टाकणे ही क्रिया पाहण्यासारखी असते. शंकूसारखे लांबलचक जाळे मागे सोडतात. त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन जड फळ्या. बोट पुढे चालू लागली की पाण्याच्या रेट्याने त्या एकमेकींपासून दूर सरतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. दोन-अडीच तास ते तळाशी ओढीत न्यायचे, मग विंचने वर घ्यायचे. कोणत्या भागात जाळे टाकावे, याचा अंदाज तांडेलाच्या मोबाइलवर निघण्यापूर्वीच आलेला असतो. १९९९ साली हैदराबादेत स्थापन झालेली महासागर माहिती सेवेची एक सरकारी संस्था उपग्रहांवरून पाण्याचे तापमान आणि त्यातील हरितद्रव्य पाहून मासळी कोठे असण्याचा संभव आहे ते कळविते. तांडेल तो संदेश वाचतो, खोली दाखविणाऱ्या यंत्राकडे पाहतो, आणि शेवटी पाण्याच्या रंगाकडे पाहून निर्णय घेतो.

पहिले जाळे वर आले. पिशवीची गाठ सुटली आणि आमच्या पायांपुढे एक ढीग कोसळला. चंदेरी पट्ट्यांसारखे बाळे, गुलाबी राणीमासे, लेपे, माणक्यो, सुंगटे, खेकडे, आणि त्यांत वळवळणारे दोन समुद्रसाप. ओडिशाच्या पोराने ते साप शेपटीला धरून पाण्यात भिरकावले. ‘विषारी असतात हो!’ डॉक्टर कठड्यावरूनच ओरडले. पोरगा हसला. मग सारे ढिगाभोवती उकिडवे बसले आणि हातांनी निवड सुरू झाली. हे मोठे, हे लहान, हे बर्फात, हे समुद्रात. बोटाएवढी पिल्ले मेलेली परत पाण्यात जात, तेव्हा भाई म्हणाले, ‘दुकानदार असा माल टाकून देऊ लागला तर वर्षभरात दिवाळे निघेल.’ तांडेल शांतपणे म्हणाला, ‘निघतेच आहे, भाई. हळूहळू.’

निवड संपते न संपते तो दुसरे जाळे वर येण्याची वेळ होई. दिवस आणि रात्र असा भेदच नव्हता. तुकड्यातुकड्यांची झोप, तीही इंजिनाच्या शेजारी. रात्रीचे जाळे वर येताना पाण्यात निळसर उजेड पेटे. सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश पाहून आम्ही चौघे स्तब्ध झालो. खलाश्यांपैकी कोणी वर पाहिले नाही. त्यांच्या हातांना सुंगटांच्या काट्यांनी पडलेल्या चिरा होत्या आणि त्यांत खारे पाणी जात होते.

दुसऱ्या रात्री आम्हांला झोप येईना. स्वयंपाकाच्या खोपटापाशी तो अंकोल्याचा गृहस्थ चहा करीत होता. दोन दिवस त्याने आम्हांला आग्रहाने वाढले होते. हुमणातला चांगला तुकडा आमच्याच ताटात पडे. परंतु तो आमच्याकडे सरळ पाहत नसे. चहाचा पेला हाती देऊन तो खाली बसला आणि म्हणाला (त्याच्या कोकणीचे मराठी आमचे), ‘मास्तर, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगतो. माझी मुलगी तुमच्या शाळेत आहे. आठवीत.’

मुलीचे नाव त्याने सांगितले आणि आम्हांला सारे आठवले. गणपतीनंतर ती मुलगी तीन आठवडे शाळेत आली नव्हती. आम्ही पालकांना बोलाविणे पाठविले. आई आली, जेटीवर मासळी निवडण्याचे काम टाकून, हात पदराला पुसत आली. धाकटा मुलगा आजारी होता, त्याच्यापाशी बसायला घरी दुसरे कोणी नव्हते, असे ती सांगू लागली. आम्ही तिला पुरते बोलू दिले नाही. ‘वडिलांना पाठवा,’ म्हणालो. ती पुन्हा आली. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा शाळेच्या छापील कागदावर पत्र गेले: वडील सात दिवसांत समक्ष न भेटल्यास मुलीचे नाव पटावरून कमी करण्याचा विचार करावा लागेल. तसे नाव कमी करता येत नाही, हे आम्हांला पक्के ठाऊक होते. धाक बसावा म्हणून ते वाक्य घातले होते.

‘मी तेव्हा बाहेर होतो,’ तो म्हणाला. ‘दहा दिवसांनी आलो. मला कानडी वाचता येते, तुमचे पत्र येईना. ते तिनेच मला वाचून दाखविले.’

ते पत्र मुलीने वाचून दाखविले! आपले नाव कमी होणार, हे तिने स्वतःच्या तोंडाने बापाला सांगितले. आम्ही शुद्धलेखन तपासून, सही-शिक्का मारून पाठविलेले ते पत्र कोण वाचील, याचा विचार आम्ही, मराठीचे एम. ए., केला नव्हता.

‘मग आला का नाहीत?’ आम्ही विचारले. आवाज मुख्याध्यापकाचाच निघाला.

‘आलो होतो. रविवार होता. सोमवारी पहाटे बोट सुटली.’

तो उठला, कारण जाळे वर घेण्याची वेळ झाली होती. आम्ही पेला हातात घेऊन तसेच बसलो. किनाऱ्याचा एकही दिवा दिसत नव्हता. ‘बोटीवर’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधून सापडला नसता, तो असा सापडला.

तिसऱ्या दिवशी वारा वाढला. वायरलेसवर सूचना येत होत्या. तांडेलाने एक कानही तिकडून काढला नाही. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडासारख्या दूरच्या बंदरांत आसऱ्याला आल्या आणि कित्येकजण परतलेच नाहीत, हे त्याने आम्हांला सांगितले, पण खलाश्यांपुढे नव्हे. त्या दिवशी जाळे कशात तरी अडकून फाटले. ते शिवायला सहा तास लागले. अंकोल्याचा तो गृहस्थ पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरून शिवीत होता. आम्ही शेजारी बसून सुतळी सोडवून देत होतो. मुलीचा विषय त्याने काढला नाही. आम्हीच शेवटी म्हणालो, ‘चूक आमची झाली. तुमच्या पत्नीला आम्ही परत पाठवायला नको होते.’ तो म्हणाला, ‘मास्तर, तो टोकाचा दोर जरा इकडे द्या.’ आम्ही दिला.

चौथ्या दिवशी मालिमला पोहोचलो. चार दिवसांची मेहनत टोपल्यांतून उतरली आणि पाऊण तासात लिलावात संपली. बोटीवरचा भाव आणि बाजारातला भाव यांतील अंतर आम्ही प्रथमच पाहिले. पुढच्या आठवड्यात म्हापशाला आम्ही घासाघीस न करता पैसे मोजले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘ते जास्तीचे पैसे बोटीवाल्याला पोहोचतात, असे वाटते का तुम्हांला?’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शाळेत मात्र दोन गोष्टी आमच्या हातच्या होत्या, त्या केल्या. आई आली तर आईशीच बोलायचे. ‘वडिलांना पाठवा’ हे वाक्य बंद. आणि पालकसभेचा दिवस बदलला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. तेव्हा बोटीवरच्या पालकांची सभा जूनमध्ये घ्यायची. ही साधी गोष्ट जेटीला लागून असलेल्या शाळेला इतक्या वर्षांत सुचू नये, याचे आश्चर्य वाटते, आणि लाजही.

जूनमधल्या त्या सभेला तो आला. इस्त्रीचा सदरा घालून, पत्नीसह, शेवटच्या बाकावर बसला. आम्ही स्वागताचे भाषण केले, हजेरीचे महत्त्व सांगितले, ‘कोणाला काही विचारायचे आहे काय?’ असेही नेहमीप्रमाणे विचारले. या प्रश्नानंतर सहसा सभा संपते. तो उभा राहिला.

‘मास्तर, माझी मुलगी रोज येते आता. पण गणितात तिला मार्क कमी पडले. ती म्हणते, तीन आठवड्यांचे राहिले ते कोणी पुन्हा शिकविलेच नाही. ते कोणी शिकवायचे?’

सभेत शांतता पसरली. वडिलांनी समक्ष यावे, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करावी, हाच तर आमचा इतक्या वर्षांचा आग्रह होता. वडील आले होते, चौकशी करीत होते. गणिताच्या शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही टेबलावरच्या नोंदवहीकडे पाहिले. मग आम्ही उठून म्हणालो, ‘आम्ही शिकवायचे.’

सोमवारपासून शाळा सुटल्यावर पाऊण तास तो वर्ग भरतो. पहिल्या दिवशी एकच मुलगी बसेल असे वाटले होते, अकरा बसली. त्यांतल्या नऊजणांच्या नावापुढे, नोंदवहीत, आमच्याच हस्ताक्षरात ‘बोटीवर’ असे लिहिलेले आहे.