आतला पाय, बाहेरचा लगाम

आज पुन्हा २० मीटरचं वर्तुळ, दुडक्या चालीत. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, घोडी आपली आपणच गोल फिरतेय. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर चालवण्याच्या या खेळात, दिसायलाही तसंच हवं. प्रत्यक्षात सतत बोलणं चाललेलं असतं: आतल्या पायाचा दाब, बाहेरच्या लगामाचा आधार, वळणाआधी श्वास सोडून मांड किंचित जड करणं. हा हाफ-हॉल्ट. थांबवायचं नसतं, फक्त ‘ऐक’ म्हणायचं. तिचा आतला कान माझ्याकडे वळला की निरोप पोचला. उजव्या अंगाला मात्र ती अजून ताठ राहते (मीही राहते म्हणा).

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. मी पदकापेक्षा स्वारांचे हातच बघत बसले होते. उद्या रिकिबीशिवाय बसायचंय. मांड्या आत्ताच कुरकुरताहेत.