कॅलेंडर कुठं लावलंय?

अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून ‘तुमची गच्ची गळते का?’ असं विचारायला फार लाज वाटते. पहिल्या दोन घरी तर त्यांना वाटलं, मी कसल्या तरी सर्वेक्षणाला आलेय. जिल्हा परिषद शाळेच्या बाई दारात दिसल्या की लोक रेशन कार्डच शोधायला लागतात, त्यात त्यांची चूक नाही. तिसऱ्या घरच्या आजींनी मात्र माझा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजच्या वर, छताला लागून टांगलेलं कॅलेंडर काठीनं उचललं आणि म्हणाल्या, ‘‘बगा.’’ मागं तळहाताएवढा पोपडा सुटलेला, भोवती एकात एक पिवळट वर्तुळं. ‘‘कॅलेंडर कुठं लावलंय ते बगत जा बाई. तारीख दिसंना अशा जागी असलं, तर मागं कायतरी हाय म्हणून समजा.’’

घर बांधायला निघालेल्या आम्हा नवराबायकोला सल्ल्यांचा तोटा नव्हता. त्यातला हा एकच पुढं उपयोगी पडला.

आमचा प्लॉट कळंबच्या कडेला, काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथं ज्वारी उभी असायची त्या रानात. दोघांचे पगार, बँकेचं कर्ज, आणि दोन्ही घरांत पक्कं बांधकाम करून घेतलेलं एकही माणूस नाही. पुण्यात नोकरी करणारा भाऊ फोनवर म्हणाला, ‘‘ताई, महारेरावर नाव टाकून बघ की.’’ त्याच्या डोळ्यांपुढं फ्लॅट. मे २०१७ पासून लागू झालेलं महारेरा बिल्डरनं विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी. आपल्या प्लॉटवर आपण गुत्तेदार लावून बांधून घेतो, त्याची नोंद तिथं कशी सापडणार? आमच्याकडचा गुत्तेदार म्हणजे एक मोबाइल नंबर, एक मोटारसायकल, एक मिक्सर आणि ‘अमक्याचं घर यांनीच बांधलं’ एवढी ख्याती. ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं, घरबांधणी ही कायद्यानं सेवाच आहे. पण तिथं जायचं ते घर बिघडल्यावर. मला आधीचं हवं होतं.

पहिल्या गुत्तेदारानं प्लॉट न बघताच चहा संपायच्या आत दर सांगितला. ‘विथ मटेरियल, चावी हातात.’ मोबाइलवर घरांचे दर्शनी फोटो, रात्रीचे दिवे लावलेले. नवरा भुलला. मीही थोडी भुलले, खोटं कशाला बोलू. बघायला म्हणून त्यानं दोन घरं सांगितली, दोन्ही कोरी, एकात तर अजून वास्तुशांतीची आंब्याची पानं ओली होती. जुनं घर विचारलं तर म्हणाला, ‘‘लई हायत, कुठली कुठली सांगू?’’ एकही सांगितलं नाही. शेजारीपाजारी विचारत मीच शोधलं, आणि ते निघालं या आजींचं.

आजींचं घर २०१६ च्या उन्हाळ्यात बांधलेलं. ते साल आमच्याकडं कुणी विसरत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ‘‘प्यायला न्हवतं, स्लॅबला कुठून घालावं?’’ आजी म्हणाल्या. चार दिवस पाणी मारलं म्हणे, तेही घागरीनं. सिमेंट वाळतं असं आपण म्हणतो, खरं तर ते पाण्याबरोबर क्रिया होऊन घट्ट होतं, आणि पाणी तुटलं की ती क्रिया तिथंच थांबते. गुत्तेदारानं पाऊस पडेपर्यंत थांबा म्हणायला हवं होतं. पण स्लॅब थांबला की त्याचा हप्ताही थांबतो. म्हणून मी त्याला चोर म्हणणार नाही. पण माझं घर त्याच्या हातात द्यायचं नाही, एवढं त्या पोपड्यासमोरच ठरलं.

दुसरा सासरच्या नात्यातला. नात्यातल्या माणसाला गिलावा पुन्हा कर म्हणून सांगता येत नाही. तो विषय मी दोन दिवसांत मिटवला, सासूबाईंचा रुसवा मात्र महिनाभर चालला.

तिसरे एक मिस्त्री. त्यांना सगळे मामाच म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. मामा प्लॉटवर आले, चपलेच्या टोकानं माती उकरली आणि विचारलं, ‘‘बाई, खड्डा घेतला का?’’

‘‘दर तर सांगा.’’

‘‘मुरूम कुठं लागतो ते कळंल, मग दर.’’

त्यांनीच दोन माणसं लावून कोपऱ्यात खड्डा घेतला. मी शाळा सुटल्यावर गेले. वरची साडेचार फूट काळी, ओली वाटावी अशी चिकट माती. तिच्याखाली पांढरट चुनखडीचे खडे मिसळलेला थर. सात फुटांच्या जवळ पिवळा, कुदळ परत फेकणारा मुरूम. मामांनी काळ्या मातीचा गोळा करून माझ्या हातावर ठेवला. ‘‘ही पावसात फुगती अन् उन्हाळ्यात फाटती. मे महिन्यात रानातल्या भेगंत हात जातो का न्हाई? त्या भेगंवर घर ठिवायचं का?’’ शेजारच्या प्लॉटची कंपाउंडची भिंत त्यांनी बोटानं दाखवली. मधोमध पोटात वाकलेली. तिचा पाया काळ्यातच सोडलेला होता. तिच्या सावलीत रोज स्कूटी लावून मला ते कधी दिसलं नव्हतं.

आठ दिवसांनी मामांचा दर आला, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला. मजुरी त्यांची, माल आमचा. तिघांत सगळ्यात महाग. त्यांनी पाच जुन्या घरांचे पत्ते दिले आणि मी पाचही फिरले. कॅलेंडरं बघितली, कपाटांच्या मागं डोकावले, गिलाव्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून पोकळ आवाज येतो का ऐकलं. एका घरी खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली भेग दिसली. मला आनंद झाला, महाग माणसाला नाही म्हणायला कारण सापडलं. मामांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘ती माझी चूक हाय. मालकानं खिडकी मोठी करा म्हणून मागनं हट्ट धरला, लिंटल तोडावं लागलं. नको म्हणायला पायजे हुतं. म्हणालो न्हाई.’’

त्या संध्याकाळी त्यांनाच काम द्यायचं ठरलं. नवऱ्याला हे तर्कट वाटलं: ज्यानं चूक केलीय त्याला काम?

करार पाचशेच्या बाँडवर केला. मामांना ते आवडलं नाही, ‘‘सबुदावर चालतंय की.’’ पण बसले, आणि वाचून घेतलं सगळं. पैसे टप्प्यानं: जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर, असं मी लिहिलं होतं. त्यांनी पाचवर आणलं. मजूर थांबत नाहीत हो, म्हणाले, आणि ते खरंही होतं. सिमेंट-सळई आम्ही दुकानातून आणायची, आणि दर टप्प्याला इंजिनिअर येऊन बघणार.

मामा म्हणजे देवमाणूस, असं कुणाला वाटू नये. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा लागली आणि सगळी माणसं अकरा दिवस गायब. यात्रेचं समजू शकते, पण अकरा दिवस? फोन बंद. मी रिकाम्या सेंट्रिंगकडं बघून रडकुंडीला आले. परत आले ते अंगारा आणि भेंड-बत्तासे घेऊन; भांडायचं कसं?

खरं भांडण त्याआधी, रिंगांवरून झालं होतं. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधायच्या चौकोनी रिंगा. दीडशेच्या आसपास वळून ढीग लावलेला. इंजिनिअर पोरगा आला, एक उचलून म्हणाला, ‘‘मामा, आकडा काटकोनात नको. आत वळवा, एकशे पस्तीस अंश.’’ मामा भडकले. ‘‘तीस वर्सं अशाच मारतुया. पडलं का एक तरी घर?’’ पोरगा माझ्याकडं बघायला लागला. भूमिती माझ्या हातातली गोष्ट. मी जमिनीवर काडीनं काढून दाखवलं: हलायला लागल्यावर कॉलमचा बाहेरचा काँक्रीटचा थर आधी गळतो, मग काटकोनातला आकडा उघडतो आणि रिंग सैल पडते. आत वळलेला आकडा गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतलेला असतो, तो सुटत नाही.

‘‘हितं कुठं हलतंय?’’ मामा म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती विसर्जनाची रात्र. मी आठ वर्षांची होते. आमचं गाव मांजराच्या काठी, घर दगड-मातीच्या दोन फुटी भिंतींचं, वर माळवद. आईनं ओढत अंगणात आणलं ते आठवतं आणि भांड्यांचा आवाज आठवतो, फळीवरची सगळी पितळेची भांडी एकदम बोलायला लागली होती. आमच्या भिंतीला नुसती चीर गेली. किल्लारी, सास्तूर, त्या बाजूला तसल्याच भिंतींचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांत न गुंतलेले, सुटे सुटे कोसळले आणि माळवदाची मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आम्ही कित्येक आठवडे अंगणातच झोपलो. २००२ च्या नव्या नकाशात आमचा सगळा भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये गेला, त्यामुळं हा आकडा आता पोरानं मनानं काढलेला नव्हता.

मामा तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुनर्वसनाच्या गावात बिगारी म्हणून घमेली वाहिली होती त्यांनी. ‘‘तितं दारा-खिडक्यांच्या वरनं सगळ्या घराला काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. त्याच्याबिगर भित वर न्यायची न्हाई, असा दम हुता सायबाचा,’’ म्हणाले, आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शाळेत जाताना वाकडी वाट करून गेले तर ते एकटेच उकिडवे बसून लोखंडी चावीनं एकेक रिंग पुन्हा वळवत होते. काहींचा आकडा आखूड पडला, त्या भंगारात गेल्या. लोखंडाचे पैसे माझे गेले. मजुरी त्यांनी लावली नाही.

स्लॅबच्या दिवशी मी रजा टाकली आणि मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसले. काम मामांच्या खालच्या पोरांचं आणि पोरांना पातळ माल आवडतो. सरकवायला सोपा जातो. एम-२० साठी एका ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, असं इंजिनिअरनं सांगितलेलं. मी पंधरा लिटरच्या दोन बादल्यांना आतून पेनानं रेघ मारली आणि पाण्याचा पाइप माझ्या खुर्चीच्या पायाखाली दाबून ठेवला. ‘‘बाई, तुमी वर्गात बसल्यागत बसलाय,’’ एक पोरगं हसत म्हणालं. चौऱ्याऐंशी गोण्या. मी प्रत्येकीला रेघ ओढली, चार उभ्या एक आडवी. दुपारी ऊन चढल्यावर मामांनीच एकदा पाइप मागितला, ‘‘थोडं सोडा, माल वढंना.’’ मी पाय काढला नाही. ते पुटपुटत व्हायब्रेटर घेऊन वर गेले.

नंतरचे चौदा दिवस म्हणजे टँकर. गच्चीवर मातीची आळी करून पाणी कोंडायचं, कॉलमना गोणपाटं गुंडाळायची, एप्रिलचं ऊन, आणि पाणी मारायला सकाळी शाळेच्या आधी मी, संध्याकाळी नवरा. टँकरच्या पैशात सोफा आला असता. तो अजून आलेला नाही.

राहायला गेलो ऑगस्टमध्ये, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सगळ्यांना ठाऊक आहे. शेतं वाहून गेली, लोकांचे संसार गेले. त्याच्यापुढं माझं दुखणं काहीच नाही. पण जिन्याजवळच्या भिंतीवर, गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तिथं, ओल दिसली. बशीएवढी. नवऱ्यानं बघितली आणि खिळा-हातोडी शोधायला लागला. ‘‘कॅलेंडर?’’ मी विचारलं. तो हसलाच नाही.

मामांना फोन केला. पहिल्या फोनला ‘येतो’, दुसऱ्याला ‘निघालोच’, तिसऱ्यानंतर खरंच आले. वर गेले, कठड्याच्या बुडाशी मारलेल्या सिमेंटच्या गोलाईवर, वाट्यावर, बोटं फिरवली आणि न सांगताच फोडायला सुरुवात केली. ‘‘हा पोरांनी मारला, मी खाली फरशीवर हुतो,’’ एवढंच बोलले. पाऊस उघडल्यावर दोन दिवस स्वतः बसून सगळ्या गच्चीचा वाटा नव्यानं मारला.

दिवाळीच्या आधी मी पाच टक्के हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले. गेटपाशी थांबून म्हणाले, ‘‘त्या पलीकडच्या प्लॉटवाल्यास्नी मी तुमचं घर बगायला सांगितलंय. येतील रविवारी.’’ मग जरा अवघडून, ‘‘वाट्याचं तेवढं सांगू नका बाई.’’

रविवारी ते दोघं आले. बाई स्वयंपाकघर बघत होत्या, टाइल्स कुठून आणल्या विचारत होत्या. मी चहा ठेवला आणि त्यांना म्हटलं, आधी गच्चीवर चला, एक फोडलेली जागा दाखवते.