चुकलेल्या वाचनाची वही

चि. कमल हिस,

मोडीची बाराखडी पाठ झाली, किते गिरवून झाले, आणि तरीही पेशवेकालीन पत्राची एक ओळ धडपणे उलगडत नाही, म्हणून तू खिन्न झाली आहेस. परंतु कित्यातले अक्षर शिकणारासाठी काढलेले असते; दप्तरातला कागद, आधी आडवी रेघ ओढून, बोरू होईल तितका न उचलता, ह्रस्वदीर्घाचा भेद न पाळता आणि दोन शब्दांत जागा न सोडता, ज्यांना तो व्यवहार मुखोद्गत होता अशांसाठी कारकुनाने लिहिलेला असतो. तो कित्याने वश व्हावयाचा नाही.

तुझ्या पद्धतीत मला एकच दोष दिसतो. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतले बाळबोध वाचन शेजारी उघडून तू मूळ पत्र पाहतेस. त्यायोगे प्रत्येक अक्षर ओळखीचे भासते, आणि खंड मिटताच ती ओळख नाहीशी होते. प्रथम स्वतःचे वाचन, अडेल तेथे कोरी जागा सोडून, शेवटपर्यंत लिहून काढ. मग ताडून पाहा, आणि अक्षर चुकले, शब्द भलत्या ठिकाणी तुटला की अर्थच ठाऊक नव्हता, हे वहीत निरनिराळे टिपून ठेव.

मितीच्या चुका तर विशेष जपून ठेव. समज, सदाशिवराव भाऊसाहेबांच्या पत्राखाली रबिलावल महिना आणि सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१, आहे. हे साल सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यापासून सुरू होत असल्याने इसवी सन काढण्यास मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि तेथून पुढल्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. रबिलावल त्या सुमारास ऑक्टोबरात येई; तू सरसकट ६०० मिळवलेस, तर पत्र ऑक्टोबर १७६१ चे ठरेल. आणि भाऊसाहेब तर १४ जानेवारीसच पानिपतावर पडले! त्या विसंगतीशी तू स्वतः झगडलीस, तर पत्र १७६० चे, कुंजपुऱ्याच्या लढाईच्या सुमाराचे, हे तुला कळेलच, शिवाय यापुढे मिती पाहताच महिना आधी विचारण्याची सवय जडेल, जी नुसता नियम घोकून जडत नाही.

पुढील पत्री कच्चे वाचन खाडाखोडीसह पाठव. शुद्ध प्रत नको; तू कोठे अडलीस हे तीवरून मला उमगणार नाही.

कळावे,
तुझा काका