किटली पळत नाही

भोसरीच्या एमआयडीसीत 26 वर्षं क्वालिटीत काढली, की मोजलं म्हणजे कळलं असं वाटायला लागतं. चाकणजवळच्या गावात राहणाऱ्या मामांशी माझा वाद व्हायचा तो त्यातूनच. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. रायफल आधी एसएलआर, मग इन्सास, आणि काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सकडे असताना एके-47. मी एनसीसीतल्या पॉइंट टू-टूपलीकडे काही उडवलेलं नाही. तरी एकेपेक्षा इन्सासच चांगली, हा निकाल मी देऊन टाकला होता.

माझा मुद्दा साइटचा. एकेची मागची साइट म्हणजे डोळ्यापासून दीड-दोन वीत पुढे असलेली उघडी खाच. इन्सासची डोळ्याजवळ, छिद्राची. दोन साइटमध्ये अंतर जितकं जास्त तितकी चूक कमी, हे कुठलाही फिटर सांगेल. एकेला हे अंतर 378 मिमी. नेम धरताना फोरसाइटची टिप खाचेत एक मिमी सरकली, की 100 मीटरवर गोळी 26 सेंमी बाजूला. शिवाय खाच, टिप आणि निशाण या तिन्हींवर डोळा एका वेळी ठरत नाही; छिद्रातून बघताना छिद्राकडे लक्ष द्यावंच लागत नाही.

आणखी एक कारण होतं, ते मी कधी बोललो नाही. इन्सास आपल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेतली. घरच्याच माणसानं रशियन बंदुकीचं कौतुक करावं, हे मला लागायचं. 2021 मध्ये सहा लाखांवर एके-203 चा करार झाला, तेव्हा मी मामांना फोनसुद्धा केला नाही.

गंमत म्हणजे मामा इन्सासला नावं ठेवत नसत. तिचं कॉकिंग हँडल डावीकडे, त्यामुळे उजवा हात ग्रिपवरून काढावा लागत नाही. मॅगझिन पारदर्शक, किती राउंड उरले ते दिसतं. हे त्यांनीच मला सांगितलेलं. एकेचं सेफ्टीचं पातं खटकन वाजतं, हेही त्यांचंच. "पर तिन्हीसांजेला, झाडीत, मला एके दे," एवढंच म्हणायचे. मी ते सवयीवर ढकलायचो.

मागच्या दिवाळीत पुरावाच घेऊन गेलो. मीटरभर लाकडी पट्टी, पुढच्या टोकाला खिळा, डोळ्याकडच्या टोकाला रिजेक्ट पेटीतलं दीड मिमी भोकाचं वॉशर. वॉशर काढलं तर मध्ये उभं करायला खाच घासलेलं पत्र्याचं पातं. दुपारी कांद्याच्या वाफ्यांपलीकडे बांधावर दुधाची किटली ठेवली. वॉशरमधून खिळाही रेखीव, किटलीही. खाचेच्या कडा मात्र माझ्या 51 वर्षांच्या डोळ्यांना पुसट.

"बरोबर हाय तुझं," मामा म्हणाले. "दिवे लागायच्या टायमाला परत बघू."

दिवे लागायच्या टायमाला वॉशरमध्ये नुसता काळोख. बारीक भोक उजेडही तेवढाच आत घेणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते हिशोबात धरलं नव्हतं. तेवढ्यात गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. मी वॉशरमधून त्याला शोधत राहिलो, तोवर ते निम्मं वावर ओलांडून गेलं. मामांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, वॉशर उपटलं, पातं उभं केलं आणि खांद्याला लावली. दोन्ही डोळे उघडे. वासरू उसात शिरेपर्यंत खिळा त्याच्या पुढच्या पायावरून हलला नसावा.

"किटली पळत नाय, भाच्या."

बंदुकीचं छिद्र माझ्या वॉशरहून मोठं असतं. प्रयोग म्हणून मीच तो नापास करीन. आणि रेंजवर छिद्रालाच तोड नाही. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मिळवलं ते तसल्याच साइटवर. पण मी इतकी वर्षं फक्त किटल्या मोजत होतो, आणि ज्यानं दुसरं काही पाहिलं त्याला अडाणी ठरवत होतो. त्या रात्री जेवताना तसं मामांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडत हूं केलं.

सकाळी निघताना वॉशर सापडेना. मामा ओट्यावर बसले होते, चष्मा कपाळावर, ते वॉशर डोळ्याला लावून गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचत. "हे राहू दे इथंच," म्हणाले.