हवेची खरेदी

आमच्या घरात एक एअर कॉम्प्रेसर आधीपासूनच होता, हे मला दुसरा विकत घ्यायला निघेपर्यंत ठाऊक नव्हतं. अण्णांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर औषधांच्या डब्याला टेकून तो बसलेला असतो. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं घरघरतो, मास्कमधून औषधाचं धुकं सोडतो आणि अण्णांच्या दम्याला काही तास तरी गप्प बसवतो. आम्ही त्याला नेब्युलायझर म्हणतो. त्याच्या पोटात हवा दाबणारा पंपच असतो, ही माहिती मला शेजारच्या काकांनी दिली. काका पुढे येणारच आहेत. ते न बोलावता येतात.

मूळ प्रश्न गाडीचा होता. अण्णांची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. त्या काळी गाडी कुणी 'घेत' नसे. गाडीचा नंबर 'लागत' असे. काही वर्षं वाट पाहून अण्णांचा नंबर लागला, तेव्हा आईनं आधी गाडीला ओवाळलं आणि मग अण्णांना. पुढे तिच्या अखेरपर्यंत घरात मानाचा क्रम तोच राहिला.

आता अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली आहे, बघायची नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीशी बसतात आणि समोरच्या पत्र्याच्या शेडमधल्या गाडीकडे बघतात. गाडीचा दुधी रंग कधीच नासला होता. छपरावर पापुद्रे, दारांच्या तळाशी गंज. मी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि पंचेचाळीस हजार सांगितले.

"काय म्हणतो?" अण्णांनी खिडकीतून विचारलं.

"परवडणार नाही, अण्णा."

"कुणाला? त्याला की तिला?"

त्याच रात्री मी जाहीर केलं, की गाडी मी स्वतः रंगवणार. एक कॉम्प्रेसर आणि एक स्प्रेगन आणली की झालं! "दिवाळीत आकाशकंदील रंगवलात, तेव्हापासून फरशीवर तो हिरवा डाग आहे," एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या. विरोध नव्हता. नुसती नोंद होती.

मी नाना पेठ गाठली. पहिल्याच दुकानात एक हॉर्सपॉवरचा, चोवीस लिटर टाकीचा, लालचुटुक कॉम्प्रेसर दिसला. किंमत साडेसात हजार. "यावर अख्खी गाडी होते का हो?" असं मी विचारलं. "साहेब, यावर ट्रक होतो," दुकानदार म्हणाला. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. इतकं छातीठोक कुणी बोलू लागलं की दोन जामीनदार मागायचे, एवढं मला कळतं. जामीनदार म्हणून मी काकांना आणलं.

काका कारखान्यातून मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण मेंटेनन्स सुटलेला नाही. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक उलटं केलं आणि पाठीवर गणित मांडलं. "गाडी रंगवायची नेहमीची गन मिनिटाला आठ-दहा घनफूट हवा खाते. त्यालाच सीएफएम म्हणतात. आठच धर. आठ घनफूट म्हणजे सव्वादोनशे लिटर. तुझी टाकी चोवीस लिटरची. आठ बारला भरली आणि चार बारपर्यंत वापरली, तर हवा मिळाली शंभर लिटरच्याही आत. पंचवीस सेकंदांत खलास!"

"पण पंप चालूच असतो की."

"असतो. म्हणून ताणूनताणून पाऊण मिनिट. मग गन रंग उडवायच्याऐवजी थुंकायला लागते."

माझा चेहरा पाहून काकांनी आवाज उतरवला. "अरे, गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे. नळाला करंगळीएवढी धार असेल, तर वर दोन हजार लिटरची टाकी ठेवून पाहुण्यांना आंघोळी घालता येतील का?"

मला पुणेकराला हे ताबडतोब पटलं. टाकी म्हणजे साठा, पंप म्हणजे आवक. सतत खर्च करायचा असेल तर आवक बघायची. हे वाक्य मी तीस वर्षं कर्जदारांना ऐकवलं होतं. कॉम्प्रेसरसमोर उभा राहिलो आणि विसरलो.

पुढचे आठ दिवस मी दुकानात शिरलो की "हवा किती देणार?" हाच प्रश्न विचारू लागलो. तिथंही एक गोम होती. डब्यावर छापलेला आकडा पुष्कळदा पंप किती हवा आत ओढतो त्याचा असतो. प्रत्यक्षात बाहेर पडते ती साधारण त्याच्या दोन-तृतीयांश ते पाऊण. म्हणजे पगाराचंच तत्त्व! कागदावर एक आणि हातात एक. हातात पडणाऱ्या आकड्याला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात. तो विचारला की दुकानदार चहा मागवतो.

रविवारी जुन्या बाजारात एक भलीमोठी सेकंडहँड टाकी अगदी मातीमोलानं मिळत होती. मी पैसे काढणार, तोच काकांनी तळाच्या नळीतून पाणी काढायला लावलं. चहाच्या रंगाचं पाणी आलं. दाबलेल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, ते टाकीत साचतं आणि टाकी आतून गंजते. बाहेरून नवा रंग लावला की कळतही नाही. आणि अशी टाकी फुटली तर बाँबसारखी फुटते. "स्वस्त घे," काका म्हणाले, "पण जे फुटू शकतं ते जुनं घेऊ नकोस."

शेवटी हिशेब असा बसला. मोठ्या गनला पोसणारा कॉम्प्रेसर तीस हजारांच्या घरात, शिवाय घरची वायरिंग त्याला सोसेल याची खात्री नाही. तेव्हा कॉम्प्रेसर वाढवण्याऐवजी भूक कमी करायची. छोटी टच-अप गन तीन-चार सीएफएममध्ये भागवते. तिचा पट्टा अरुंद, काम सावकाश. पण मला कुठे घाई होती? एका दिवसाला एक भाग. आज दार, उद्या मडगार्ड. त्यासाठी दोन हॉर्सपॉवर, पन्नास लिटर, हातात पडणारी हवा पाच सीएफएम. तेरा हजार. वर पाणी अडवणारा फिल्टर, कारण हवेतून पाण्याचा थेंब आला की रंगाला पुरळ उठतं. मोटर दहा मिनिटं चालली की दहा मिनिटं थांबवायची. माझीही क्षमता तेवढीच असल्यामुळे जोडा उत्तम जमला.

कॉम्प्रेसर घरी आला. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा दिवे मिचमिचले आणि शेजारचं कुत्रं पलंगाखाली गेलं. अण्णा मात्र खूश होते. त्यांनी मला रंगाचा डबा मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं, आणि तिथं घोडं अडलं.

मी आणलेला रंग हल्ली सगळीकडे वापरतात तो, हार्डनर मिसळायचा. चकाकतो सुंदर. पण डब्यावर बारीक अक्षरात इशारा होता. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. साधा कागदी मास्क त्यापुढे कुचकामी. शेडपासून अण्णांच्या खिडकीपर्यंत अंतर बारा पावलं.

मी वाचता वाचता थांबलो. शेजारच्या खोलीत छोटा कॉम्प्रेसर घरघरत होता. तो मिनिटाला सहा-आठ लिटर हवा देतो. माझ्या छोट्या गनला शंभर लागते. बँकेत कधी असा ताळेबंद मांडावा लागला नव्हता. डबा मी दुसऱ्या दिवशी परत केला आणि जुन्या पद्धतीचा, हार्डनर नसलेला ड्युको आणला. पण थिनरची वाफ त्यालाही असतेच. मी सौ.ला म्हणालो, "राहू दे. कॉम्प्रेसर विकून टाकू."

भिंतीपलीकडून अण्णांचं उत्तर आलं. त्यांची फुप्फुसं गेली आहेत, कान नाही. "विकू नकोस. मी साताऱ्याला ताईकडे जातो पंधरा दिवस."

आई गेल्यापासून सात वर्षं अण्णांनी घराचा उंबरठा दवाखान्याशिवाय ओलांडलेला नव्हता. ताई बोलावून थकली होती. मी समजूत घालून दमलो होतो. ते काम शेवटी एका रंगाच्या डब्यानं केलं. दुसऱ्या दिवशी ताईचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. धाकटा कॉम्प्रेसर साताऱ्याला गेला, थोरला पुण्यात राहिला.

मी रंगवलं. गाळणीचा मास्क लावून, शेड उघडी ठेवून, कॉम्प्रेसर वाफेपासून लांब ठेवून, दिवसाला एक भाग, मध्ये चहा. बारा दिवस. अण्णा आले तेव्हा तिची आठवडाभर हवा खाऊन झाली होती, आणि थिनरचा वासही गेला होता. रंग तोच, दुधी. नाहीतर आरटीओच्या पुस्तकात बदल करून घ्यावा लागतो.

अण्णांनी गाडीभोवती हळूहळू फेरी मारली, दोनदा थांबून दम घेतला. डाव्या दरवाज्यावर रंगाचा एक ओघळ राहिला होता. त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"हा घासून काढतो, अण्णा."

"असू दे. तुझी आई याच बाजूला बसायची." मग जरा वेळानं म्हणाले, "आता मला साताऱ्याला सोडायला हिच्यातूनच चल. पुढल्या महिन्यात."

कॉम्प्रेसर विकलेला नाही. हल्ली काका त्याच्या हवेनं पंख्याची धूळ उडवतात. न विचारता.